सामुराई उभा राहतो का?

"पाऊण क्विंटल कापूस," बाबा म्हणाले.

मी नुसतं ५,४०० रुपये म्हणालो होतो. आमच्या घरी कुठलीही किंमत आधी कापसात मोजतात, मग ती जास्त की कमी ते ठरतं. ओट्यावर डबा उघडा पडला होता. पारदर्शक ट्रेमध्ये साडेपंधरा सेंटिमीटरचा सामुराई, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मनगटापासून कापल्यासारखे आठ सुटे हात. बाबांनी चष्मा नाकावर ओढला. "इतके हात कायले बे याले? दुर्गादेवी हाय का?"

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीपलीकडच्या एका गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पार्सल गावापर्यंत येत नाही, आर्वीहून आणावं लागतं. त्या दिवशी दुकानाला अर्धा दिवस कुलूप लावून गेलो, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. माझ्याकडे अकरा फिगर, म्हणजे सांधे हलणारे खेळण्यातले पुतळे, होत्या, हा बारावा. आणि बाराव्यापर्यंत येता येता मला एक कळलं आहे की डब्यावरचा फोटो पाहून फिगर घेणं म्हणजे झूल पाहून बैल घेणं. म्हणून याची तपासणी जरा बारकाईनं केली, तीच लिहितो आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या हाती आलेला हा एकच नग, त्यावरून कोणाची जात काढू नये.

आधी थोडं जुनं. 'ॲक्शन फिगर' हा शब्दच मुळात विक्रीच्या अडचणीतून आला. अमेरिकेत १९६४ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी कंपनीनं जी. आय. जो नावाचा बारा इंची सैनिक काढला. पोरांसाठी बाहुली घ्यायला कोण तयार होणार? म्हणून बाहुली म्हणायचंच नाही असं ठरलं आणि हा शब्द घडवला. जाहिरातीत सांगायचे, एकवीस हलणारे भाग. पुढे १९८२ मध्ये तोच जो पावणेचार इंचांचा होऊन आला. त्याच्या पहिल्या खेपेला दंड फिरत नव्हता, त्यामुळे दोन्ही हातांनी बंदूक धरायची सोय नव्हती. १९८३ मध्ये दंडात फिरता सांधा आला आणि सैनिक सैनिकासारखा दिसायला लागला. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. एक सांधा वाढला की फिगरचा स्वभाव बदलतो.

आपल्याकडे हे जो फनस्कूलचे मिळायचे. माझा पहिला जो मामानं नागपूरच्या सीताबर्डीवरून आणला होता, मी तेव्हा पाचवीत. पाठीत एक बारका स्क्रू असतो. तो खोलला की आत एक रबरी रिंग दिसते, छाती, कंबर आणि पाय त्या एकाच रिंगवर ताणून धरलेले असतात. रिंग गेली की माणूस दोन तुकडे. माझ्या जोचा अंगठा मी पहिल्याच महिन्यात मोडला, बंदूक जबरदस्तीनं कोंबताना. रिंग मात्र कितीतरी वर्षं टिकली, मग रबर सुकून तुटली. गावातल्या पंप दुरुस्तीवाल्याच्या डब्यातल्या तीन रिंगा लावून पाहिल्या, तिसरी बसली. माझ्या हयातीतली ती पहिली दुरुस्ती. तो जो आजही दुकानातल्या सोल्डरिंगच्या टेबलावर उभा आहे, अंगठ्याशिवाय.

आता सामुराई.

घडण बघून खरंच तोंडात बोट गेलं. सामुराईचं चिलखत म्हणजे एकसंध पत्रा नसतो, लहान लहान पट्ट्या दोऱ्यांनी ओवून एकाखाली एक लटकवलेल्या असतात. इथे छातीवरच्या प्रत्येक पट्टीवर दोऱ्याचा प्रत्येक टाका कोरलेला आहे. रंग गडद निळा, दोरे शेंदरी. दुकानात मोबाइलच्या बोर्डसाठी मायक्रोस्कोप आहे, त्याखाली धरला. चेहऱ्यावरचे डोळे ब्रशनं रंगवलेले नाहीत, छापलेले आहेत. बुबुळ म्हणजे तपकिरी, काळे आणि पिवळट ठिपक्यांची रांगोळी. साध्या नजरेला मात्र माणूस तुमच्याकडे पाहतोय असं वाटतं, जरा चिडूनच. पण उजव्या खांद्याच्या पट्टीवर, अगदी काठाला, शेंदरी रंग निळ्यावर ओघळला आहे. मोहरीच्या दाण्याएवढा. एकदा दिसला की मग दुसरं काही दिसत नाही.

शिरस्त्राणावर सोनेरी चंद्रकोर आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानात दाते मासामुने नावाचा एकाक्ष सरदार होता, १५६७ ते १६३६ हा त्याचा काळ, त्याच्या शिरस्त्राणाची ही खूण. त्याच्या चंद्रकोरीची दोन टोकं सारखी नव्हती, एक आखूड होतं. इथेही तसंच आहे, म्हणजे करणाऱ्यानं जुनी चित्रं पाहिली आहेत. हे मी बाबांना कौतुकानं सांगितलं.

"दाते? पंचांगवाले का?"

"नाही बाबा, जपानातले."

"तिकडंही गेले का," असं म्हणून ते ज्वारीच्या पोत्याकडे गेले.

मापं घेतली. हे माझं आवडतं काम, व्हर्नियर हाताशीच असतो. फिगर एकास बारा प्रमाणातली, म्हणजे खऱ्या माणसाचा एक फूट इथे एक इंच. खऱ्या कताना तलवारीचं पातं साधारण ७० सेंटिमीटर धरलं तर इथे सहाच्या आत-बाहेर यायला पाहिजे. आलं ६.२. चालतं. कताना कमरेच्या पट्ट्यात धार वर करून खोवतात, आणि इथे पट्ट्याची खाच अशी कापली आहे की म्यान उलटी जातच नाही. ज्यानं हे केलं त्याला मी चहा पाजीन.

ज्यानं धनुष्य केलं त्याला नाही. जपानी धनुष्य, म्हणजे यूमी, माणसापेक्षा उंच असतं, दोन मीटरच्या वर. आणि मूठ मधोमध नसते, खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, वरचा भाग लांब आणि खालचा आखूड. तेच तर त्या धनुष्याचं वेगळेपण. प्रमाणानुसार ते इथे अठरा सेंटिमीटरच्या पुढेमागे पाहिजे होतं. डब्यात निघालं तेरा सेंटिमीटरचं, मूठ बरोबर मध्ये, रामलीलेतल्यासारखं. डब्यात अठरा सेंटिमीटर मावत नसेल, मला मान्य आहे. मग दोन तुकड्यांत द्या ना! दोरी तेवढी रबरी धाग्याची आहे, खरंच ताणते, आणि बाण ओढलेल्या पवित्र्यात ठेवता येतो. म्हणजे चुकीचं धनुष्य फार छान ओढता येतं.

डब्यावर 'तीस सांधे' असं लिहिलं आहे. मी मोजले. मानेचे दोन, छातीच्या आत लपलेले खांद्याचे दोन, खांदे दोन, दंड दोन, कोपरं दोन, मनगटं दोन, छाती एक, कंबर एक, जांघा दोन, मांडीचे फिरते दोन, गुडघे दोन, घोटे दोन, पायाची बोटं दोन. चोवीस. बाकीचे सहा कुठे गेले? तर कोपर आणि गुडघा दोन ठिकाणी वाकतो म्हणून प्रत्येकी दोनदा धरला, आणि घोटा पुढे-मागे एक, आडवा एक असा वेगळा लावला. सगळे असंच मोजतात. किराणा दुकानदार अर्धा किलोचे दोन पुडे देऊन दोन नग म्हणतो, तसं. तेव्हा आकडा वाचून भुलू नका, सांधा कुठे आहे आणि त्याला जागा किती आहे ते पाहा.

वरचं अंग पहिल्या प्रतीचं आहे. छातीतला तो लपलेला सांधा खांदा पुढे ढकलू देतो, म्हणून दोन्ही हात तलवारीच्या एकाच मुठीवर येतात. हे पुष्कळ महागड्या फिगरनाही जमत नाही. खांद्यावरच्या चौकोनी ढाली बिजागरीवर लटकवल्या आहेत, हात वर केला की त्या आपोआप उचलल्या जातात, अडत नाहीत. बाबा परत आले होते. मी तलवार डोक्यावर नेऊन दाखवली. त्यांनी फिगर हातात घेतली, दंड धरून खांदा हळूच खालीवर केला. मला ती बोटं ओळखीची होती. आर्वीच्या बैलबाजारात ते असंच करतात. आमच्या भागातला गवळाऊ बैल, पांढरा, लांबट तोंडाचा. बाबा त्याचे दात शेवटी पाहतात, आधी हात फिरतो खांद्यावरून, जू बसतं त्या जागी. "खांद्यात खेळ हाय," ते म्हणाले. आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

डावं कोपर मात्र अडकलेलं. नव्या फिगरमध्ये असं होतं, रंग सांध्यात उतरून वाळतो. इथेच माणसं हात मोडून घेतात. जोर लावायचा नाही, गरम करायचं. बायकोचा हेअर ड्रायर मिनिटभर धरला, थोडं थांबून परत धरला, तेव्हा कुठे 'टिक्' करून वाकलं. वाकलं, पण कडेला केसाएवढी पांढरी रेघ उमटली. प्लॅस्टिकवर ताण आला की अशी रेघ येते, ती काही पुसली जात नाही. म्हणजे सांधा हलतो, पण आता त्याच्यावर विश्वास नाही. बाबांनी बंडीच्या आखाला लावायचं वंगण सुचवलं. नको. खनिज तेलानं काही प्लॅस्टिक तडकतं. सिलिकॉन तेलाचा एक थेंब, तोही काडीच्या टोकानं.

सुट्या हातांचा एक त्रास सांगतो. हात बदलताना मनगटाची बारकी खुंटी ओढावी लागते, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. खुंटी आत मोडली तर ती कोरून काढायला मलाही तास लागेल, तुमच्याकडे तर अवजारही नसेल. पाच जोड्या दिल्या आहेत, त्यांतल्या तलवार धरायच्या दोन, बाण ओढायची एक. उघडे पंजे आणि मुठी आमच्याकडे अजून ट्रेमध्येच आहेत. तलवारीच्या हातातलं भोक अडीच मिलिमीटर आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खालच्या अंगात घोळ आहे. कमरेखाली चिलखताच्या पट्ट्यांचा घेर असतो, तो इथे कडक प्लॅस्टिकचा केला आहे. मांडी जेमतेम तिरपी उचलते की घेराला ठोकते. गुडघा दोन ठिकाणी वाकतो, पण मांडीच वर येत नाही तर त्या गुडघ्याचा उपयोग काय? एका गुडघ्यावर बसून बाण मारणारा सामुराई डब्याच्या मागच्या बाजूला छापला आहे. मी अर्धा तास घातला, बसला नाही. फोटोतल्या फिगरचा घेर बहुतेक काढून ठेवला असावा.

मग बाबांनी तो प्रश्न विचारला, जो खरं तर मी सगळ्यात आधी विचारायला हवा होता. "उभा तं राहते का हा?"

काचेच्या टेबलावर उभा राहिला. बाबांनी मान हलवली आणि तो उचलून अंगणात शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवला. दोन सेकंद. मग हळूच मागे कलला आणि शिरस्त्राणावर आपटला. घोटा आडवा छान वळतो, तो दोष नाही, पण तो सैल आहे, आणि वर शिरस्त्राणाचं वजन. "मंग पडते कायले? चोवीस सांधे असून?" मी पाय पुढेमागे करून तीनदा उभा केला. तीनदा पडला. "बैल बाजारात उभा पाहू नये बाबू, चालवून पाहाव," असं म्हणून ते आत गेले, आणि मी ५,४०० रुपये अंगणातून उचलून पुसले.

सैल घोट्यावर उपाय आहे. पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात सांध्याच्या गोळ्यावर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग हलवायचं. घाईनं हलवलं तर सांधा चिकटून बसतो. मी एक दिवस थांबलो, दोन हात दिले, आणि तो सारवणावरही उभा राहायला लागला. डब्यात एक पारदर्शक स्टँडही आहे, त्याचा चिमटा कमरेला धरतो. तो आमच्या पंख्याच्या वाऱ्यानं हलतो. स्टँडच हलतो, सामुराईसकट.

हे सगळं हिवाळ्यात. उन्हाळ्याचा पाठ वेगळा. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो, माझी खोली टिनाची. मऊ प्लॅस्टिक उन्हाळ्यात आणखी मऊ होतं. एका दुपारी पाहिलं तर सामुराईच्या हातातली तलवार केळीच्या पानासारखी वाकलेली. डोकं खाजवलं. वाकलेलं पातं सरळ करायला ते गरम पाण्यात बुडवायचं, सरळ करायचं, लगेच थंड पाण्यात घालायचं. मनात आलं, छतावरच्या टाकीचं पाणी या दिवसांत हात भाजतं, तेच वापरावं. नाही चाललं, तेवढं गरम नसतं. शेवटी आईच्या चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळलं आणि पातं बुडवलं. आईनं पाहिलं. त्या गंजात परत चहा झाला नाही, नवा गंज मला आणावा लागला. तो खर्च वरच्या ५,४०० मध्ये धरलेला नाही.

तेव्हापासून बाराही जण जुन्या घराच्या मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात राहतात. तिथे थंड असतं. फक्त कापूस घरात आला की त्याचे तंतू उडून चिलखताच्या प्रत्येक खाचेत बसतात, ते रंगाच्या मऊ ब्रशनं काढायचे. कोरीव काम जितकं बारीक तितकं झाडणं जास्त, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आता तान्हा पोळा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा पोळा असतो. चाकाच्या फळीवर लाकडी नंदी, त्याला झूल, बाशिंग, घुंगरं, आणि पोरं तो ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे ओवाळणीसारखे पैसे, मागतात. आमचा नंदी सागवानाचा, मी लहान असताना सुताराकडून केलेला. सांधा एकही नाही. एक कान उडालेला, बाकी जसाच्या तसा. यंदा तो पुतण्याकडे होता, आणि त्याला नंदीवर सामुराई बसवायचा होता. चौथीतलं पोर, नाही कसं म्हणणार? मी घेर अडतो, मांडी उघडत नाही, वगैरे समजावत होतो. त्यानं तेवढ्यात घेराची पुढची पट्टी धरून ओढली. मी ओरडलो. पट्टी 'टक' करून निघाली. खाली खुंट्या होत्या. सगळा घेर निघतो! नऊ महिने ही फिगर माझ्या घरात होती आणि मी जपून जपून हे पाहिलंच नव्हतं.

पण बाबांनी अडवलं. "पोळ्याच्या सणाले बैलावर कोनी बसते का बे? त्याले आज सुट्टी हाय." त्यांचं बरोबर होतं. मग ठरलं की सामुराई नंदीच्या पुढे, फळीवर, कासरा धरून उभा राहील. उभा. हलत्या फळीवर. गावच्या सिमेंट रस्त्यावर, जिथे दर दहा पावलांवर नाली फोडून परत बुजवलेली आहे.

मी नेलपॉलिश शोधत होतो. बाबांनी सामुराईला उलटा केला, तळपायाची भोकं पाहिली. बऱ्याच फिगरच्या तळव्याला असं भोक असतं, स्टँडच्या खुंटीसाठी. त्यांनी डब्यातून दोन चुका, म्हणजे बारके खिळे, काढल्या, फळीत ठोकल्या, चिमट्यानं वरचं डोकं कापलं, कानशीनं घासलं. सामुराईचे पाय त्यावर दाबले. हलवून पाहिलं. पुतण्यानं हातात पराणी द्यायची म्हटलं, ती बाबांनी फेकून दिली, आज कोणाला टोचायचं नाही. तलवारीच्या हातातून सुतळीचा कासरा ओवला. अडीच मिलिमीटरच्या भोकात सुतळी इतकी घट्ट बसली की ती हातासाठी केली की हात तिच्यासाठी, कळेना.

संध्याकाळी दोघं परतले. बोजारा एकशे चाळीस रुपये. चिलखताच्या खाचांत गेरू, डाव्या कोपराची पांढरी रेघ जरा लांब झालेली, आणि शिरस्त्राणावर चंद्रकोर नाही. मंदिरामागच्या बोळात पडली असावी, टॉर्च घेऊन शोधली, मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिच्या जागी खाचेत बेगडाचा सोनेरी तुकडा खोचलेला, बैलाच्या शिंगाला लावून उरलेला. कात्रीनं कापलेली चंद्रकोर. दोन्ही टोकं सारखी. कोणी लावली, ते मी विचारलं नाही.

सामुराई अजून त्या फळीवरच आहे. काढायला गेलो होतो, चुका फार घट्ट बसल्या आहेत.